साक्षगंध होऊ द्या, मग पाहू

पत्र थोडक्यात : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून एका सुनेनं लिहिलं आहे. घरात सासू-सासरे, नवरा, लग्नाची नणंद, त्या स्वतः आणि तीन वर्षांचा मुलगा. सासऱ्यांना पोळ्याच्या आधीपासून खोकला आहे. आता तुळशीचं लग्नही होऊन गेलं. संध्याकाळी अंगात कणकण असते, सदरे खांद्यावरून उतरायला लागलेत. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, औषधाची बाटली दिली. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सासरे म्हणतात, ‘मले काई नाई झालं, कापसाच्या धुळीचा खोकला हाय.’ त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी छातीच्याच आजारानं गेले, असं सासूबाई एकदा बोलून गेल्या होत्या. नणंदेची सोयरीक जुळत आली आहे. जानेवारीच्या अखेरीस साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि मे महिन्यात लग्न. नवरा म्हणतो, ‘साक्षगंध होऊ द्या, मग पाहू.’ ताईंनी कुणाला न सांगता सासऱ्यांचं ताट आणि पेला वेगळा ठेवला आहे. मुलगा मात्र रात्री आजोबांच्याच कुशीत झोपतो. हा टीबी असेल का, लेकराला घेऊन माहेरी जावं का, आणि तपासणीत काही निघालं तर नणंदेच्या लग्नाचं काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शेवटी घाईत लिहिलेली एक ओळ आहे : ‘माझेही ब्लाऊज सैल झालेत, पण वेचणीचे दिवस आहेत, काम जास्त आहे.’

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. पत्रावरून टीबी कळत नाही. नुसत्या नाडीवरून, जिभेवरून किंवा खोकल्याच्या आवाजावरूनही कळत नाही. पण मामाजींची, म्हणजे तुमच्या सासऱ्यांची, तपासणी व्हायला हवी की नको, हे मात्र तुमच्या पत्रावरून स्वच्छ कळतं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की बेडका तपासायचा, असा सरकारी दवाखान्यांचा साधा नियम आहे. मामाजींच्या खोकल्याला तीन महिने होत आले. सोबत संध्याकाळचा ताप आहे आणि वजन उतरतंय. कदाचित टीबी निघणारही नाही. बिडीनं खराब झालेली फुप्फुसं असतील, दमा असेल, आणखीही काही असेल. यातलं एकही दुखणं थांबून राहिल्यानं बरं होणारं नाही.

आता कापसाची धूळ. मामाजी अगदीच बिनबुडाचं बोलत नाहीत. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांना सरकीच्या आणि रुईच्या धुळीनं छातीचा त्रास होतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, ही त्याची ओळखच आहे. पण धुळीच्या खोकल्यात महिनोन्‌महिने संध्याकाळची कणकण येत नाही, सदरे सैल होत नाहीत. शिवाय तुम्हीच लिहिलंय की खोकला पोळ्याच्या आधीपासून आहे. पोळ्याच्या आधी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पाती-फुलावर असते. बोंड फुटलेलं नाही, तर धूळ आली कुठून? फवारणीचं म्हणाल, तर फवारणी काय करू शकते हे २०१७ साली तुमच्या जिल्ह्यानं जेवढं पाहिलं तेवढं कुणी पाहिलं नसेल. पण ती विषबाधा काही तासांत किंवा दिवसांत दिसते. तीन महिने हळूहळू झिजवत नाही.

मामाजी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खातात की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खात असतील तर एक सांगते. खर्रा खाणाऱ्या माणसाच्या थुंकीत कधी रक्ताची रेघ आली तरी ती कुणाच्या लक्षात येत नाही, त्याच्याही नाही. पिचकारीचा रंग आधीच तांबूस असतो. म्हणून ‘रक्त तर पडत नाही’ यावर विसंबू नका. टीबीच्या पुष्कळ रुग्णांना रक्त कधीच पडत नाही.

आणि ते आठ दिवसांचं बरं वाटणं. स्टेरॉइडचं इंजेक्शन असेल तर ताप-खोकला तात्पुरता दबतो. काही अँटिबायोटिक्स, विशेषतः क्विनोलोन गटातली, टीबीच्या जंतूंवर अर्धवट काम करतात. माणूस सुधारल्यासारखा दिसतो आणि आजाराचं निदान लांबतं. डॉक्टरनं मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. पण पुढची बाटली आणण्याआधी बेडक्याची तपासणी व्हायला हवी.

आता त्या ताट-पेल्याविषयी. रागावू नका, पण ताट तुम्ही वेगळं केलंत आणि अंथरूण एकच राहिलं. तुम्हाला घरात कुणाला न विचारता जे करता येण्यासारखं होतं ते तुम्ही केलंत, हे मला समजतं. आपल्याकडे तीन पिढ्या टीबी म्हटलं की आधी भांडी वेगळी होतात. पण रॉबर्ट कॉख यांनी या आजाराचा जंतू शोधल्याचं १८८२ सालच्या २४ मार्चला जाहीर केलं, त्यालाही आता १४० वर्षं उलटून गेली आहेत. टीबी ताटातून, पेल्यातून, कपड्यातून किंवा हात लावल्यानं लागत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, जोरात बोलतो, तेव्हा अगदी बारीक तुषार हवेत जातात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात आणि तीच हवा दुसरा माणूस आत घेतो. तुमच्याकडे सध्या थंडी आहे. दारं-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून, सगळं घर एका खोलीत निजत असणार. धोका तिथे आहे. ते ताट बाकीच्या भांड्यांबरोबर घासून पुन्हा मांडणीत लावा. मामाजींच्या लक्षात आलं नसेल असं तुम्हाला वाटतं का? म्हातारी माणसं अशा गोष्टी आपल्याआधी ओळखतात, फक्त बोलत नाहीत.

मग आज रात्रीपासून काय करायचं? लेकराला तुमच्याजवळ निजवा. कारण विचारलं तर सांगा, ‘रात्री सू करतो, मामाजीची झोपमोड होते.’ एवढं खोटं बोलायला मीच तुम्हाला सांगते. मामाजींची खाट शक्यतो छपरीत, वारा खेळेल अशा जागी. थंडी फार असेल तर आत, पण एक खिडकी उघडी आणि अंगावर जास्तीची गोधडी. खोकताना तोंडावर दुपट्टा. बेडका अंगणात कुठेही न टाकता झाकणाच्या डब्यात टाकायचा, आणि तो डबा रोज फिनाईल घालून रिकामा करायचा. दिवसा दारं सताड उघडी ठेवा, ऊन आत येऊ द्या. यातलं काहीच टीबीचं नाव न घेता करता येतं.

माहेरी जाण्याचा विचार चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आई म्हणून सगळ्यात आधी तोच मनात येतो. पण थोडं थांबून पाहा. लेकरू तीन महिने आजोबांच्या कुशीत निजलंय. जंतू त्याच्या शरीरात गेला असेल तर तो गेलेलाच आहे, गाव बदलून बाहेर पडणार नाही. जंतू शरीरात गेला म्हणजे आजार झाला असंही नाही. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू असतो, आणि त्यातल्या शंभरापैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत मात्र हा धोका बराच जास्त असतो. जन्मल्यावर दंडावर दिलेली बीसीजीची लस त्यांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून पुष्कळ वाचवते, सगळ्यापासून नाही. म्हणून लेकराला माहेरापेक्षा तपासणीची गरज जास्त आहे. मामाजींना टीबी निघालाच, तर घरातल्या प्रत्येकाची तपासणी होते, आणि आजार नसलेल्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या मोफत मिळतात. लहान मुलांचा त्यात पहिला हक्क. पण मामाजींचं निदान झाल्याशिवाय हे दार उघडत नाही. तुम्ही माहेरी गेलात आणि मामाजी इकडे खोकत राहिले, तर लेकरू परत येईल ते त्याच हवेत. तोवर अंगणवाडीत त्याच्या वजनाचा तक्ता बघून या. लहान मुलांना टीबीत मोठ्यांसारखा खोकला असेलच असं नाही; वजन वाढायचं थांबतं, खेळणं कमी होतं, ताप येत-जात राहतो, कधी मानेत गाठी येतात.

१९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला होता. टीबीच्या काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, ठेवलं आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांतच ठेवून औषधं दिली. नंतर दोन्हीकडच्या कुटुंबांत किती जणांना आजार झाला ते वर्षानुवर्षं मोजलं. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबांत तो जास्त निघाला नाही. नुकसान व्हायचं ते बहुतेक औषध सुरू होण्याआधीच झालेलं असतं. औषध नीट लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ उतरतो. तुमच्या यजमानांना भीती वाटते ती तपासणीनंतरच्या दिवसांची. मला काळजी वाटते ती आत्ता चालू असलेल्या दिवसांची.

त्यांच्या ‘मग पाहू’चा हिशेब आपण त्यांच्याच पद्धतीनं करून बघू. साध्या टीबीचा, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा, उपचार सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या तर साक्षगंधाच्या दिवशी जवळपास दोन महिने झालेले असतील. ताप गेलेला, भूक परतलेली, खोकला बहुतेक बसलेला. मे महिन्यातल्या लग्नात ते उपचाराच्या शेवटच्या टप्प्यावर असतील. आता दुसरी बाजू. काहीच केलं नाही, तर जानेवारीत सोयरे बैठकीत बसलेत आणि नवरीचा बाप दर दोन मिनिटांनी उठून खोकत बाहेर जातोय. पाहुणे आंधळे नसतात, ताई. लपवायचंच म्हटलं तरी गोळ्या घेतलेला माणूस लपवणं सोपं. आणि हा आजार पिढीजात नाही. बापाला झाला म्हणून लेकीच्या रक्तात येत नाही. नणंदेला न विचारता तिच्या नावावर हा सगळा उशीर चाललाय, हेही मला खटकलं. तिला एकदा विचारून तर बघा. बापाचा खोकला ती तुमच्याइतकाच रोज ऐकतेय.

मामाजींना तुम्ही पत्रात हट्टी म्हटलंय. मी पत्र दोनदा वाचलं तेव्हा मला ते घाबरलेले वाटले. थोरल्या भावाला त्यांनी झिजताना पाहिलंय. त्या काळात दीड-दीड वर्ष इंजेक्शनं-गोळ्या घ्याव्या लागायच्या, माणसं मध्येच सोडून द्यायची आणि जायची. त्यांच्या मनात टीबी म्हणजे तेच. माझ्या एका मावशीला हा आजार झाला तेव्हा घरानं सगळीकडे ‘निमोनिया’ सांगितलं. ती ठणठणीत बरी झाली, पण तिच्या बरं होण्याची गोष्टही त्या नावाखाली दबून गेली. त्यामुळे मरणाऱ्यांच्या गोष्टी गावात फिरतात, बरे झालेल्यांच्या फिरत नाहीत. तुमच्या पंचक्रोशीत सहा महिने गोळ्या घेऊन पुन्हा वखर धरणारा कुणीतरी नक्की असेल. आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असतं. मामाजींशी त्यानं बोलावं. सुनेनं सांगितलेलं आणि बरोबरीच्या माणसानं पारावर बसून सांगितलेलं, यात फरक पडतो. पडू नये, पण पडतो.

यजमानांशी मात्र तुम्हीच बोला, आणि सगळ्यांसमोर नको. एवढंच म्हणा, ‘बाबाचा खोकला पोळ्यापासून हाय. दोन हप्त्याच्या वर गेला की बेडका तपासाच लागते. निघालं तं सहा महिन्यात बरं होते, नाई निघालं तं आपल्या जिवाचा घोर गेला.’ टीबी हा शब्द पहिल्या वाक्यात नको.

गावात बोभाटा होईल ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. आशाताईंना घरी बोलावण्याऐवजी उपकेंद्रात जाऊन भेटा. तिथे नकोच वाटलं तर सरळ तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. बाजाराच्या दिवशी कोण कुठे गेलं हे कुणी विचारत नाही. खासगी डॉक्टरकडे गेलात तरी चालेल. टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून त्यांनाही बंधनकारक आहे, आणि मोफत औषधं तिथल्या रुग्णांनाही मिळतात. काही अडलं तर १८०० ११ ६६६६ हा निःक्षय या सरकारी टीबी योजनेचा फुकट फोन आहे.

बेडका देण्याची एक रीत असते आणि पुष्कळ डब्या तिथेच वाया जातात. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्यानं चूळ भरायची. घराबाहेर मोकळ्यात उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा. तोंडातली लाळ चालत नाही. खर्रा तोंडात ठेवून तर मुळीच नाही. झाकण घट्ट लावायचं आणि डबी त्याच दिवशी पोचवायची. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासणी झाली तर यंत्राचं काम दोन-एक तासांत होतं, आणि जंतू मुख्य औषधाला दाद देतो की नाही हेही त्यातच कळतं. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. छातीचा फोटो काढायला सांगा. साखरही तपासून घ्या. मधुमेह असला की टीबीचा धोका दोन-तीन पट होतो, आणि आपल्याकडच्या कित्येकांना साखर असल्याचं अशा वेळीच कळतं.

गोळ्या सुरू झाल्या तर पहिल्याच दिवशी लघवी केशरी-लाल होईल. घाबरून कुणी औषध बंद करू नये. तो रिफाम्पिसिन या औषधाचा रंग आहे. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. दारू पूर्ण बंद. खरी परीक्षा येते महिना-दीड महिन्यानं, माणसाला बरं वाटायला लागतं तेव्हा. तेव्हाच गोळ्या सुटतात, आणि सुटल्या की जंतू औषधाला जुमानेनासा होऊ शकतो. रुग्णाच्या खात्यावर आहारासाठी महिन्याला १,००० रुपये येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. पैसे कधी उशिरा येतात, म्हणून बँकेचं पासबुक पहिल्याच दिवशी सोबत न्या.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येते. एवढ्या लांब पत्रात तुम्ही स्वतःविषयी एकच वाक्य लिहिलंत आणि त्याचं कारणही लगेच देऊन टाकलंत. वेचणी दरवर्षी असते. ब्लाऊज दरवर्षी सैल होतात का? मामाजींच्या बाबतीत ‘कापसाची धूळ’ तुम्हाला पटली नाही, मग स्वतःच्या बाबतीत ‘कापसाचं काम’ इतक्या सहज कसं पटलं? त्याच खोलीत तुम्हीही निजता. चुलीच्या धुरात तुम्ही बसता. आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर वरणाच्या गंजात जे उरतं ते तुमच्या ताटात येतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला माहीत आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने जास्तीचा तांदूळ आणि डाळ देऊन पाहिली. २०२३ मध्ये त्याचे निकाल आले : ज्या घरांत हे धान्य पोचलं तिथे नवा टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. औषध नाही, तांदूळ आणि डाळ! तुमच्या पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तूर उभी आहे. ती विकण्याआधी घरापुरती बाजूला काढा, आणि वरण घट्ट असतानाच स्वतःचं ताट वाढून घ्या. भुईमुगाचे दाणे, जमत असेल तर अंडी. सासूबाई काही बोलल्या तर दवाखान्यानं सांगितलंय म्हणा.

खोकला नसला तरी तुमचं वजन करून घ्या, छातीचा फोटो काढून घ्या. मामाजींना घेऊन जाल त्या दिवशी खिडकीवर केसपेपर दोन काढा, एक त्यांचा आणि एक तुमचा.